उसाची अखेरची मोळी : बार्बाडोसच्या उत्सवाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा जहाजावर तारवटी आहे. ऑगस्टमध्ये वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर पिसांचे मुकुट घातलेल्या हजारो स्त्री-पुरुषांची मिरवणूक निघते, असे त्याने तेथील छायाचित्रे पाठवून कळवले. आपल्याकडे गोव्यात इंत्रुज म्हणजे कार्निव्हाल फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये येतो. मग तेथील कार्निव्हाल ऑगस्टमध्ये कसा?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपल्या मुलाने पाहिलेल्या उत्सवाचे नाव ‘क्रॉप ओव्हर’ असे आहे. त्याचा पेहराव कार्निव्हालसारखा दिसत असला तरी त्याचे मूळ वेगळे आहे. गोव्यातील कार्निव्हाल ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधी येतो, कारण तो पोर्तुगीज कॅथलिक परंपरेतून आला. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाचा कार्निव्हालही त्याच दिवसांत येतो, कारण १८व्या शतकाच्या अखेरीस तेथे स्थायिक झालेल्या फ्रेंच कॅथलिक मळेवाल्यांनी तो रुजवला. बार्बाडोस मात्र १६२७ पासून १९६६ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत अखंड इंग्रजांच्या ताब्यात होते आणि तेथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या बिगर-कॅथलिक चर्चचे वर्चस्व होते. त्यामुळे उपवासापूर्वीच्या कार्निव्हालची प्रथा तेथे मूळ धरू शकली नाही. या बेटाच्या उत्सवाचा दिवस पंचांगाने किंवा चर्चने ठरवला नाही, तर मुळात उसाने ठरवला.

तेथे ऊसतोड वर्षारंभी सुरू होऊन साधारण मे-जूनपर्यंत चालत असे. महाराष्ट्रातील ऊसपट्ट्यात हंगाम संपला की ‘पट्टा पडला’ असे म्हणतात. ‘क्रॉप ओव्हर’चा अर्थ अगदी तोच आहे. आपल्याकडे गव्हाणीत पहिली मोळी टाकून, तिची पूजा करून गळिताला आरंभ होतो, तर बार्बाडोसमध्ये मान अखेरच्या मोळीचा असे. शेवटच्या उसाने भरलेल्या गाड्या फुलांनी आणि रंगीत कापडांनी सजवून वाजतगाजत मळ्याच्या आवारात आणल्या जात, आणि त्यानंतर खाणेपिणे व नाचगाणे होत असे.

या फरकाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. ही प्रथा १७व्या शतकाच्या अखेरीपासून चालत आल्याचे सांगितले जाते, आणि त्या काळी ऊस तोडणारी माणसे आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम होते. पीक मळेवाल्याचे, साखर त्याची आणि नफाही त्याचाच होता. आपल्याकडे राय गावी ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते, किंवा चतुर्थीच्या दिवसांत नव्याची कणसे देवापुढे ठेवून घरात बांधली जातात, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती त्याचे स्वतःचे नवे पीक आलेले असते. बार्बाडोसच्या गुलामाला असे काहीच मिळत नव्हते. त्याचा आनंद पीक आल्याचा नव्हता, तर पाठ मोडणारे काम संपल्याचा होता. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये सक्तीच्या उमेदवारीचा, म्हणजे मुक्त झालेल्यांनी जुन्याच मालकाकडे राबण्याचा काळही संपला. तरी मळ्यावरचे काम तेच राहिले, आणि हंगाम संपणे म्हणजे मजुरी थांबणे हे नवे संकट पुढे उभे राहिले.

म्हणूनच या उत्सवात ‘मिस्टर हार्डिंग’ नावाचे बुजगावणे असे. जुन्या कपड्यांत उसाचे पाचट भरून केलेला हा पुतळा पुढच्या हलाखीच्या महिन्यांचे प्रतीक होता आणि तो शेवटी जाळला जाई. आपण दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतो तेव्हा संकट टळल्याचा आनंद मानतो, परंतु हार्डिंगला जाळणाऱ्यांचे संकट उद्यापासून सुरू होणार होते. पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची बेगमी करणाऱ्या गोव्यातील जुन्या पिढीला या भावनेचा अर्थ फारसा समजावून सांगावा लागणार नाही.

प्रश्न : बार्बाडोस हे नाव पोर्तुगीज वाटते. पोर्तुगिजांचे तेथे राज्य होते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : राज्य नव्हते, पण नाव त्यांच्याच भाषेतले मानले जाते. ‘बार्बादोस’ म्हणजे दाढीवाले. १६व्या शतकात ब्राझीलच्या वाटेवर तेथे थांबलेल्या पोर्तुगीज खलाशांना तेथील वडाच्या कुळातील झाडांच्या लोंबत्या पारंब्या दाढीसारख्या दिसल्या आणि त्यावरून हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

प्रश्न : हा उत्सव मधल्या काळात बंद पडला होता आणि सरकारने तो पुन्हा सुरू केला, असे वाचले. मग त्याला लोकांचा उत्सव म्हणावे की पर्यटनाचा कार्यक्रम? आमच्या दिवाडी बेटावरच्या बोंदेरां या निशाणांच्या उत्सवाबद्दलही असाच प्रश्न आता विचारला जातो.
– एक वाचक, दिवाडी

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. साखरेचा धंदा उतरणीला लागला तशी मळ्यामळ्यांवरची ही प्रथा क्षीण होत गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती जवळजवळ थांबली. १९७४ मध्ये पर्यटन मंडळाने स्थानिक मंडळींच्या साह्याने ती पुन्हा उभी केली, कारण पर्यटकांची वर्दळ नसलेल्या महिन्यांत बेटावर माणसे यावीत अशी गरज होती. १९८३ मध्ये सरकारने नॅशनल कल्चरल फाउंडेशन ही संस्था स्थापन केली आणि पुढे उत्सवाची धुरा तिच्याकडे आली. म्हणजे पुनरुज्जीवनाचा हेतू बऱ्याच अंशी व्यापारी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही हा उत्सव लोकांचा नाही असे मी म्हणणार नाही. त्यातील काही गोष्टी पर्यटकासाठी ठेवलेल्या नाहीत आणि त्याला त्या पुरत्या कळतही नाहीत. अखेरच्या उसाची मिरवणूक आजही समारंभपूर्वक होते, आणि हंगामात सर्वाधिक काम करणाऱ्या ऊसतोड्या पुरुषाला व स्त्रीला ‘पिकाचा राजा’ आणि ‘पिकाची राणी’ म्हणून गौरवले जाते. ज्या बेटावर एके काळी शेकडो मळे होते तेथे आता साखर कारखाना एकच उरला आहे, आणि तरीही हा मान कोयता हातात धरणाऱ्याला दिला जातो. उत्सवाचा प्राण कोठे आहे असे मला कोणी विचारले तर मी या छोट्या समारंभाकडे बोट दाखवीन. आपल्या राज्यातील एकमेव साखर कारखान्याचे गाळप थांबून काही वर्षे झाली आहेत. धारबांदोडा आणि सांगे भागातील ऊस उत्पादकांना ही गोष्ट दूरच्या बेटाची वाटणार नाही.

दुसरी गोष्ट कॅलिप्सो या तेथील गीतप्रकाराची. ‘पिक-ओ-डी-क्रॉप’ या स्पर्धेसाठी गायक दरवर्षी नवी गाणी रचतात, आणि त्यांत महागाई, भ्रष्टाचार, मंत्र्यांची वर्तणूक यांवर उघड टीका असते. सरकारी संस्थेच्या मंचावर सरकारलाच खडे बोल सुनावले जातात आणि श्रोते त्यावर टाळ्या वाजवतात. आपल्या तियात्रातील (कोंकणी नाटकातील) कांतारांची, म्हणजे गाण्यांची आठवण यावी असाच हा प्रकार आहे. तिसरी गोष्ट ‘टक बँड’ची. मोठा ढोल, छोटा ढोल, बासरी आणि त्रिकोणी घंटा एवढ्यावर चालणाऱ्या या वादनात इंग्रजी लष्करी बँडचा साज आणि आफ्रिकी ताल एकत्र आले आहेत. गुलामांच्या ढोलवादनावर कायद्याने बंदी होती, हे लक्षात घेतले म्हणजे हा ताल जपून ठेवण्यामागची जिद्द समजते.

बोंदेरांबाबत माझे मत आपल्याला कदाचित कठोर वाटेल. वाड्यांच्या हद्दीवर रोवलेले निशाण आणि त्यावरून झालेले तंटे ही त्या उत्सवामागची कथा आहे. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर येणाऱ्या गर्दीपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. चित्ररथ मोठे झाले याचे मला दुःख नाही, पण निशाणांची कथा सांगणारा, फोटाश (बांबूची खेळण्यातली बंदूक) करून मुलांच्या हाती देणारा माणूस चित्ररथामागे झाकला जाऊ नये, याची काळजी गावाने घ्यायला हवी. बार्बाडोसमध्येही पिसांच्या पोशाखांची किंमत सामान्य माणसाला न परवडणारी झाल्याची तक्रार होतेच.

प्रश्न : प्रत्यक्ष उत्सवात काय काय असते? मी शाळेत शिकवते, मुलांना सांगायचे आहे.
– एक शिक्षिका, वाळपई

उत्तर : आपल्या मुलांना एक गोष्ट आधी सांगावी लागेल. तेथे ज्याला उन्हाळा म्हणतात ते जून ते ऑगस्टचे महिने आपल्याकडे ऐन पावसाळ्याचे असतात. उत्सव काही आठवडे चालतो आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ‘ग्रँड कडूमेंट’च्या मिरवणुकीने संपतो. ‘कडूमेंट’ हा तेथील बोलीतला शब्द असून त्याचा अर्थ मोठी धामधूम असा आहे. १ ऑगस्ट हा गुलामगिरीच्या अंताचा स्मृतिदिन याच सुमारास येतो. मूळ बार्बाडोसची असलेली जगप्रसिद्ध गायिका रिहाना हिनेही या मिरवणुकीत अनेकदा भाग घेतला आहे.

त्याआधी ‘फोरडे मॉर्निंग’ असते. उजाडण्यापूर्वीच लोक अंगाला चिखल व रंग फासून रस्त्यावर नाचू लागतात आणि सूर्य वर येईपर्यंत नाचत राहतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर होणारा चिखलकाला आपल्या मुलांनी पाहिला असेल, तर हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे सहज उभे राहील. मात्र चिखलकाल्यात कृष्णाच्या बाळलीलांचे स्मरण असते, आणि फोरडे मॉर्निंगला तसा धार्मिक आधार नाही, एवढे स्पष्ट करावे. उंच काठ्यांवर चालणारा माणूस, ‘शॅगी बेअर’ हे झिपऱ्या अस्वलाचे सोंग आणि ‘मदर सॅली’ नावाचे गलेलठ्ठ स्त्रीचे सोंग मुलांना नक्की आवडतील. जेवणात मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेले ‘कूकू’ आणि त्यासोबत उडता मासा असतो. हे तेथील राष्ट्रीय पक्वान्न आहे.

प्रश्न : इतर बेटांवरही याच दिवसांत उत्सव असतात का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : असतात, आणि काही ठिकाणी ते मुद्दाम या दिवसांत आणले गेले. सेंट व्हिन्सेंटने १९७७ मध्ये आणि सेंट लुशियाने १९९९ मध्ये आपला कार्निव्हाल उपवासापूर्वीच्या दिवसांतून उन्हाळ्यात हलवला. त्रिनिदादच्या भव्य कार्निव्हालशी एकाच वेळी स्पर्धा टळावी आणि परदेशी गेलेल्या बेटवासीयांना सुट्टीत घरी येता यावे, हा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे चतुर्थीला मुंबईची गाडी भरून येते, तशीच तेथे लंडन आणि न्यू यॉर्कची विमाने भरून येतात. काणकोणच्या वाचकाला ग्रेनाडा अधिक जवळचे वाटेल, कारण आपल्या कुळागरांत (सुपारीच्या बागांत) पिकणारे जायफळ त्या बेटाच्या राष्ट्रध्वजावर आहे आणि ऑगस्टमधील तेथील उत्सवाच्या ‘स्पाइसमास’ या नावातही मसाला आहे. त्यात ‘जॅब जॅब’ ही सोंगे अंगाला काळे तेल फासून, डोक्याला शिंगे लावून आणि साखळदंड ओढत पहाटे निघतात. हे साखळदंड गुलामीचे आहेत.