भयपटाकडे भयपट म्हणून बघ

प्रिय मित्रा,

तुझे लेख वाचले. निरीक्षण बारीक आहे, भाषा स्वच्छ आहे. पण भयपटावरच्या लेखापाशी मी थबकलो. व्यक्तिरेखांना खोली नाही, आशय तोकडा आहे, असं तू लिहिलंस. असेलही. मात्र तो चित्रपट भीती घालतो का आणि घालत असेल तर कशी, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

आपल्या मनात 'थोर चित्रपट' म्हणून एकच चित्र ठसलेलं असतं: गंभीर, संथ, माणसाच्या आतलं काही उलगडणारं. त्याच्या शेजारी उभं केलं की विनोदपट, संगीतपट, थरारपट सगळेच खुजे दिसतात. ही खोड जुनी आहे. १९५२चा 'सिंगिंग इन द रेन' आणि १९५९चा 'सम लाइक इट हॉट' आज अभिजात मानले जातात. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्यांना साधं नामांकनही मिळालं नव्हतं.

'सम लाइक इट हॉट'मधला एकच प्रसंग घे. बाईच्या वेशात लपून राहणारा जॅक लेमन आनंदानं मित्राला सांगतो, माझं लग्न ठरलं! त्याच्या हातात माराका आहेत, खुळखुळ्यासारखं वाद्य. एक वाक्य बोलायचं, माराका वाजवत थोडं डोलायचं, मग पुढचं वाक्य. त्या माराका दिग्दर्शक बिली वाइल्डरनं मुद्दाम दिल्या होत्या. नुसती वाक्यांमागून वाक्यं आली असती, तर पहिल्या विनोदावरच्या हशात दुसरा विनोद ऐकूच आला नसता. शांत सेटवर उभं राहून भरलेल्या थिएटरातला हशा किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधायचा आणि तेवढी जागा मोकळी सोडायची! या कारागिरीला तुझ्या लेखात जागा हवी. 'विषय हलकाफुलका आहे' एवढं म्हणून तू पुढे गेलास, तर त्या दिग्दर्शकाचं खरं काम तू पाहिलंच नाहीस.

भीतीचंही तसंच. 'जॉज'च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत होता. मग दिग्दर्शक स्पीलबर्गनं त्याला लपवलं. पाण्याच्या पातळीला लागून ठेवलेला कॅमेरा, शार्कला अडकवलेली, त्याच्यामागे ओढली जाणारी पिवळी पिंपं, जॉन विल्यम्सची दोन सुरांवर उभी असलेली धून. पहिला तासभर तो मासा धड दिसतही नाही, आणि तरी पाण्याकडे बघवत नाही. अशा चित्रपटाविषयी लिहिताना विचार: काय दाखवलं, काय झाकलं, कधी दाखवलं?

जातकुळी ओळखून न्याय कर म्हणजे सवलत दे, असं मात्र समजू नकोस. 'भयपट असूनही चांगला' हे कौतुक मला अपमानासारखं वाटतं. उलट ही कसोटी जास्त कडक आहे. विनोदपटानं हसवलं नाही, तर त्यातल्या उदात्त विचारांचं मला काही घेणं नाही.

आणि खरा मोठा चित्रपट ही कसोटीच हलवून टाकतो. १९६०च्या 'सायको'त हिचकॉक पैसे चोरून पळालेल्या नायिकेत आपल्याला गुंतवतो आणि अर्धा चित्रपट व्हायच्या आत तिला मारून टाकतो. जॅनेट लीसारखी मोठी तारका इतक्या लवकर जाईल, असं प्रेक्षकाला वाटणं शक्यच नव्हतं. मोठी तारका शेवटपर्यंत राहणार, ही त्याची सवय; त्याचा पायाखालचा आधार जातो, तो नेमका या सवयीमुळे. सवय माहीत नसलेल्या समीक्षकाला हा धक्का जाणवेल, पण त्यामागचं धाडस कळणार नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की नुसत्या नावाजलेल्या चित्रपटांच्या याद्या संपवत बसू नकोस. ज्या प्रकारावर लिहायचं, त्यातले मध्यम, विसरले गेलेले, अगदी फसलेले चित्रपटही बघ. दार करकरतं, मांजर उडी मारतं, संगीत किंचाळतं: हे दहादा बघितल्यावरच अकराव्या चित्रपटातल्या दिग्दर्शकानं दार उघडंच का ठेवलं, हे तुझ्या लक्षात येईल. आणि तुला खरोखर न आवडणारा एखादा प्रकार असेल, तर त्यावर घाईनं लिहू नकोस. त्या प्रकारावर जीव टाकणाऱ्या कुणाशी आधी निवांत बोल. त्याला नेमकं काय आवडतं ते ऐकून घे, आणि मग तोच चित्रपट पुन्हा लाव.

पुढचा मसुदा झाला की पाठव.

तुझा,
एक जुना प्रेक्षक