नवरा टेनिस खेळतो, हप्ते मी भरते

पिंपरीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नवरा २९ वर्षांचा, प्रोफेशनल टेनिस खेळतो, डबल्स रँकिंग चारशेच्या पुढे, अर्धं वर्ष बाहेरच. हिची बँकेत नोकरी, त्या पगारातून फ्लॅटचा हप्ता आणि त्याची विमानाची तिकिटं पण. विषय काढला की तो म्हणतो, "आपला रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी डबल्समध्ये नंबर वन झाला." ही विचारते, थांब म्हटलं तर मी वाईट बायको का?

अगं वाईट बिईट काही नाही. आधी त्या बोपण्णाचं बघू, कारण ती गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. जानेवारी २०२४ ला तो नंबर वन झाला आणि जोडीदार एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स पण जिंकला, खरंय, पण यूएस ओपनची डबल्स फायनल तो २०१० लाच खेळला होता, तेव्हा तिशीचा म्हणजे तुझ्या नवऱ्याहून वर्षभराने मोठा, आणि २०१३ मध्ये डबल्समध्ये वर्ल्ड नंबर तीन होता. चारशेवरून ४३ व्या वर्षी उडी नाही मारली त्याने. हे भांडणात नको, चहा पिताना सांग.

आता पैसे. सुमित नागल भारताचा सिंगल्समधला नंबर एक असताना २०२३ मध्ये म्हणाला होता की खात्यात ९०० युरो उरलेत. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनला कझाकस्तानच्या बुब्लिकला हरवलं आणि त्या एका मॅचने वर्षभराची चिंता मिटवली, पण ते सिंगल्स आणि ग्रँड स्लॅम. तुझा नवरा तुर्कस्तानात अंतल्याला नाहीतर ट्युनिशियात मोनास्तीरला एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाची स्पर्धा खेळतो, तिथे डबल्स जिंकले तरी दोघांत मिळून हजार डॉलरच्या आत, त्यातून टॅक्स कापणार, हॉटेल आपलं, तिकीट आपलं. म्हणजे तो ट्रॉफीचा फोटो पाठवतो त्या आठवड्यात पण तुझ्याच खात्यातून पैसे गेलेले असतात!

म्हणून "थांब" म्हणू नकोस, "किती आणि कधीपर्यंत" विचार. रँकिंगमध्ये ५२ आठवड्यांचेच पॉइंट धरतात, तेवढीच मुदत दे. वर्षभरात चॅलेंजरला, म्हणजे याच्या वरच्या पायरीच्या स्पर्धांना, नियमित एन्ट्री मिळेल इतकं रँकिंग आलं तर पुढचं बोलू, नाही आलं तर कोचिंग, पुण्यात त्याला काही तोटा नाही. तुझ्याकडून वर्षाला किती ते आधीच ठरव, वरचं त्याने उभं करायचं, जर्मनीत क्लबच्या लीग मॅचेस खेळून खर्च काढणारे पण असतात, त्याने ते कधी बघितलंय का विचार. आणि तुझ्या पीएफला हात लावायचा नाही. अजिबात नाही.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडलीयेस, पण वाचता येते. तो पहिल्याच राउंडला हरला की तुला आतून बरं वाटतं, लवकर घरी येईल म्हणून, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. लाज कसली त्यात? लग्न करून एकटी राहतेस, वाटणारच. मला वाटतं पैशापेक्षा हेच जास्त साचलंय, आणि त्याला याचा पत्ताच नाही, तो समजतोय बायको हिशोब मागते. हे फोनवर नको, आणि हरून आलेल्या रात्री तर नकोच, दोन दिवस जाऊ देत मग बोल.

सासूबाई "बाळ कधी" विचारतात ना, ते उत्तर मात्र त्यालाच देऊ दे. अंतल्यात पण व्हॉट्सॲप चालतं.