‘हाच तो’ : ओळखीची खात्री येते कुठून?

प्रश्न : साक्षीदार न्यायालयात बोट दाखवून सांगतो, “हाच तो, शंभर टक्के.” खोटं बोलायचं त्याला काही कारण नसतं. मग त्याच्या शब्दावर शंका का घ्यायची?

उत्तर : शंका त्याच्या प्रामाणिकपणावर नाही. विचारायचं एवढंच, की ही शंभर टक्के खात्री आली कधी? पहिल्यांदा ओळखलं तेव्हाच होती, की मधल्या काळात वाढत गेली?

१९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात रोनाल्ड कॉटन या तरुणाला बलात्काराच्या आरोपाखाली पकडलं. पीडितेने हल्ला होत असतानाच हल्लेखोराचा चेहरा लक्षात ठेवायचा निश्चय केला होता. तिच्यापुढे सहा छायाचित्रं ठेवली. काही मिनिटं निरखून तिने कॉटनचं उचललं. पुढे प्रत्यक्ष ओळख परेड झाली, तेव्हा ती दोघांमध्ये अडखळली आणि मग कॉटनकडे बोट केलं. त्यानंतर तिला सांगण्यात आलं, की छायाचित्रातलाही हाच होता. छायाचित्रांत आणि परेडमध्ये, दोन्हीकडे असलेला कॉटन हा एकटाच होता. म्हणजे परेडमध्ये ओळखीचा वाटला तो हल्लेखोर, की आधी पाहिलेलं छायाचित्र? हे तिला स्वतःलाही आतून कळणं शक्य नव्हतं. खटला उभा राहीपर्यंत ते अडखळणं मागे पडलं. १९८७ च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला, तेव्हा त्याला कधी पाहिलंच नाही असं तिने सांगितलं. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला. तोवर त्याची दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

“बरोबर ओळखलंत” या एका वाक्याने काय होतं, हे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं. चित्रफीत पाहिलेल्यांपुढे छायाचित्रं ठेवली, पण खरा माणूस त्यांत नव्हताच, म्हणजे प्रत्येकाची निवड चुकीची. ज्यांना शाबासकी मिळाली, त्यांची खात्री तर वाढलीच. शिवाय आपण चेहरा नीट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता, असंही ते सांगू लागले. त्यामुळे उलटतपासणीत “नीट पाहिलंत का?” या प्रश्नाला मिळणारं उत्तरही तोवर बदललेलं असतं.

याचा अर्थ साक्षीदाराची स्मृती कुचकामी असते असा मात्र नाही. नीट घेतलेल्या पहिल्याच परेडमध्ये जो क्षणात आणि ठामपणे ओळखतो, त्याची ओळख बरीच भरवशाची असते. म्हणूनच ती पहिली वेळ वाया घालवायची नाही.

प्रश्न : मग नीट घेतलेली परेड कशी असते?

उत्तर : एका परेडमध्ये संशयित एकच; बाकी सगळे असे, की ते गुन्हेगार नाहीत हे पक्कं ठाऊक आहे. हे बाकीचे लोक साक्षीदाराच्या पहिल्या जबाबातल्या वर्णनाशी जुळणारे हवेत. जबाबात दाढी असेल आणि रांगेत दाढीवाला एकच उभा असेल, तर ती परेड नव्हेच. संशयिताच्या गालावर व्रण असेल, तर सगळ्यांच्याच गालावर त्या जागी पट्टी लावावी.

रांग निष्पक्ष आहे की नाही हे पाहायची सोपी कसोटी आहे. घटना न पाहिलेल्या ३० जणांना फक्त वर्णन वाचून दाखवा आणि सहा छायाचित्रांतून एक निवडायला सांगा. संशयिताच्या वाट्याला साधारण ५ जण यायला हवेत. १५ जणांनी त्यालाच निवडलं, तर रांगच त्याच्याकडे बोट दाखवते आहे.

परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं. माहीत असलं की नजर थबकते, “घाई नको, पुन्हा बघा” असं नेमक्या चुकीच्या वेळी तोंडून निघतं; त्यात लबाडी असतेच असं नाही. सुरुवातीलाच सांगावं : “तो माणूस यात असेल किंवा नसेलही.” हे सांगितलं नाही, तर साक्षीदार सगळ्यांत जवळचा चेहरा शोधतो, आणि जवळचा चेहरा प्रत्येक रांगेत सापडतोच. निवड होताच, बरोबर-चूक काहीही न बोलता, “किती खात्री आहे?” याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. तोच संशयित दुसऱ्यांदा दाखवू नये.

प्रश्न : हल्लेखोर अगदी समोर असूनही चेहरा का आठवत नाही?

उत्तर : हातात चाकू किंवा पिस्तूल असेल तर नजर तिथेच खिळते. अशा साक्षीदाराला हत्याराचं वर्णन येतं, चेहऱ्याचं येत नाही, आणि हे स्वाभाविक आहे.

प्रश्न : उद्या माझ्यासमोरच काही घडलं, तर मी काय करावं?

उत्तर : इतरांशी बोलण्याआधी एकट्याने लिहून काढा. तारीख, वेळ, तुम्ही कुठे उभे होता, उजेड कुठून येत होता, मध्ये काय आडवं होतं. पाहिलेलं एकीकडे, ऐकलेलं दुसरीकडे. जे आठवत नाही ती जागा कोरीच ठेवा. अंदाजाने भरलीत तर महिन्याभराने तो अंदाजच आठवण म्हणून समोर येतो. संशयिताचे फोटो मोबाइलवर फिरत असतील तर उघडू नका.

प्रश्नांच्या शब्दांकडेही लक्ष ठेवा. १९७४ मध्ये एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून वेगाबद्दल विचारलं. काहींना गाड्या “धडकल्या” तेव्हाचा वेग, तर काहींना “जोरात आदळल्या” तेव्हाचा. आठवड्याने फुटलेल्या काचेबद्दल विचारलं. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती, तरी “आदळल्या” ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. “धडकल्या” ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. तेव्हा “त्याचं जाकीट काळं होतं ना?” असं कोणी विचारलं, तर हो-नाही म्हणू नका. “मला जे आठवतं ते सांगतो” म्हणा आणि लिहिलेला कागद पुढे करा.