धावणाऱ्याचा बेंच प्रेस ४० किलोवर अडला, तर त्यात लाजण्यासारखं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: वय २४, वजन ५८ किलो, १० किलोमीटर ४२ मिनिटांत धावता, पण जिममध्ये बेंच प्रेसला (बाकावर उताणं झोपून छातीवरून रॉड वर ढकलायला) ४० किलोच्या पुढे रॉड जात नाही आणि मित्र चिडवतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या हाता-छातीत ताकद असते तरी किती?

कमी असते. जिममधल्या इतरांशी तुलना केली तर बरीच कमी. मी ४३ वर्षांचा आहे, वजन ६१ किलो, ११ वर्षं धावतोय, मॅरेथॉनची माझी वेळ ३ तास ३१ मिनिटं. आज माझा बेंच प्रेस जेमतेम ५० किलो आहे आणि तिथवर यायला मला दोन वर्षं लागली. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये मी या बाबतीत वरच्या फळीत मोडतो, यावरून काय ते समजा. एक निवृत्त फौजी आहेत, ते ६५ मारतात. पण ते आधी फौजी आणि मग धावपटू.

माझा पहिला दिवस सांगतो. ट्रेनरने २० किलोच्या रॉडला दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावल्या. म्हणजे तुमचेच ४०. दोन रेप, म्हणजे दोनदा खाली-वर, झाले. तिसऱ्याला रॉड छातीवर टेकला आणि तिथेच मुक्कामाला बसला. ट्रेनर फोनवर. मी पाय झाडतोय, कानशिलं तापलेली. शेजारचा कॉलेजचा पोरगा कानातले हेडफोन न काढता आला, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं लावून रॉड वर घेतला, "काका, श्वास घ्या" म्हणाला आणि परत आरशासमोर गेला. आदल्याच रविवारी मी ३० किलोमीटर धावून आलो होतो, हे त्या क्षणी कोणाला सांगणार?

पण गंमत पुढेच आहे. तासाभराने तोच पोरगा पुलअपच्या दांड्याखाली भेटला. वजन ८४ किलो, बेंच प्रेस ९०. त्याने चार पुलअप मारले आणि पाचव्याला नुसता लोंबकळत राहिला. मी नऊ मारले. दांडा तोच, माणसंही तीच. फरक एवढाच की आता जो तो स्वतःला उचलत होता आणि मला २३ किलो कमी उचलायचे होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न: ताकद मोजायची कशावर? बेंच प्रेसचा आकडा दणकट माणसाला झुकतं माप देतो, पुलअप हलक्या माणसाला. जिममध्ये पहिलाच आकडा विचारला जातो, कारण तो प्लेटांवर छापलेला असतो.

आता एक प्रयोग घरी करून बघा. वजनकाटा जमिनीवर ठेवा, दोन्ही तळहात त्यावर टेकवून जोर (पुशअप) मारायच्या स्थितीत या आणि कोणाला तरी आकडा वाचायला सांगा. हात सरळ असताना शरीराच्या वजनाचा साधारण ६४-६५ टक्के भार हातांवर येतो, खाली गेल्यावर तो वाढून ७५ टक्क्यांकडे जातो. माझा आकडा वर ४० आणि खाली ४५ च्या आसपास आला. तुमच्या ५८ किलोला वर ३७-३८ येतील आणि खाली ४३. म्हणजे तुम्ही मारलेला प्रत्येक जोर हा जवळपास ४० किलोचा बेंच प्रेसच आहे. सलग २० जोर येत असतील, तर ४० किलोवर अडकण्याचं कारण ताकद नाही. कारण असं की जोर मारताना जमीन हलत नाही आणि रॉड हलतो. तो डावीकडे झुकतो, मनगट मागे मोडतं, कोपरं बाहेर फेकली जातात आणि अर्धी शक्ती रॉड सावरण्यातच जाते. हे कसब आहे, पाच-सहा आठवड्यांत येतं. आणि २० जोर येतच नसतील, तर मात्र मित्रांना थोडं चिडवू द्या.

आपल्याकडे ताकद आणि धाव एकत्र तपासायची एक जुनी जागा आहे, ती म्हणजे भरतीचं मैदान. सैन्यभरतीत शिपायाच्या शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावलं की ६० गुण आणि बीमवर १० पुलअप मारले की ४०. सहा मारले तर १६ च गुण. आपल्या पोलीस भरतीत १६०० मीटर धावण्यासोबत ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. गावोगावच्या अकॅडमीतली पोरं दोन्ही करतात आणि त्यांच्यातला जो १६०० मीटरला पुढे असतो, तो गोळ्याला बहुधा रडतो. बीमला मात्र तोच पुढे असतो. तुम्ही १० बीम मारत असाल तर माझ्या लेखी विषय संपला.

मग हलकं शरीर म्हणजे कमजोर शरीर का? मुळीच नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली महाराष्ट्राची दोन रौप्यपदकं आठवा. सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो वजनगटात उतरला, म्हणजे वजनाने तुमच्यापेक्षाही हलका. त्याने स्नॅचमध्ये (एका दमात थेट डोक्यावर) ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) १३५ असे मिळून २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण अवघ्या एका किलोने गेलं. आठवडाभरात बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यांची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला आणि त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदाने गेलं. दोघेही शिडशिडीत. बाजारात शेजारी उभे असते तर कोण काय करतो हे कोणी ओळखलं नसतं. एकाने वर्षानुवर्षं स्नायूंना एका झटक्यात सगळा जोर लावायला शिकवलं, दुसऱ्याने तोच जोर पुरवून पुरवून खर्चायला. साबळेला रॉडखाली झोपवून त्याची लायकी ठरवणं म्हणजे सरगरला पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारायला लावण्यासारखंच.

जिममध्ये एक वाक्य हमखास ऐकाल: "धावून धावून छाती गळते." यात अर्धंच सत्य आहे. १९८० साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने लोकांचे तीन गट करून १० आठवडे प्रयोग केला. एक गट फक्त वजनं उचलणारा, एक फक्त दमश्वासाचा व्यायाम करणारा आणि एक दोन्ही करणारा. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत छान वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. "कार्डिओने मसल जातो" या म्हणण्याचं मूळ तिथे आहे. त्यातली मेख अशी की ती ताकद पायांची होती आणि धावणं-सायकलही पायांनीच झालं होतं. जो स्नायू दमतो त्याची वाढ अडते. छातीचा त्यात संबंध कमी. आपली छाती बारीक राहते ती दोन कारणांनी: आपण तिला काम देत नाही, आणि धावण्यात जेवढं जळतं तेवढं आपण खात नाही. दुसरं कारण जास्त मोठं. २० किलोमीटर धावून आल्यावर दोन पोहे आणि चहा, असा नाश्ता करणारे माझ्या ग्रुपमध्ये निम्मे आहेत. दंड यायचे कुठून?

बरं, ते यावेत तरी का? मॅरेथॉनमध्ये साधारण ४० हजार पावलं पडतात. दंडावर चढवलेला प्रत्येक पाव किलो तितक्या वेळा उचलून पुढे न्यायचा असतो. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे ५२ किलोच्या आसपासचा माणूस; २०२२ ला बर्लिनमध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंद धावला. त्याच्या व्यायामात चटई, रबरी पट्टे आणि स्वतःचं वजन दिसतं, १०० किलोचा रॉड नाही.

तरीही हात म्हणजे धावताना नुसते टांगलेले लटकन नव्हेत. हे मला साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनने शिकवलं. यवतेश्वरचा घाट चढून, वरून वळून परत उतरताना शेवटच्या तीन किलोमीटरला माझे खांदे कानाला टेकले होते. नंतर फोटो पाहिला: मुठी आवळलेल्या, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मान आत. थंडीत कुडकुडणारा माणूस धावावा तसा. पायांत जीव होता, मात्र वरचं अंग संपलं होतं. एक पाय पुढे जातो तेव्हा कंबर एका बाजूला वळते. ते वळण विरुद्ध हात मागेपुढे होऊन तोलतो. हात आखडले की ते काम धडाला करावं लागतं. २०१४ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अरेलानो आणि क्रॅम या संशोधकांनी हे मोजलं. हात पाठीमागे बांधून धावलं तर ऊर्जा सुमारे ३ टक्के जास्त लागली, छातीवर घडी घातली तर ९ टक्के आणि डोक्यावर ठेवले तर १३ टक्के. म्हणून आपल्याला लागते ती ताकद खांदे, पाठ आणि धड ३ तास जागेवर धरून ठेवण्याची. ती बेंच प्रेसमध्ये दिसत नाही, आणि बेंच प्रेसने फारशी येतही नाही.

जड वजनांचा फायदा धावपटूला होतो, पण तो पायांकडून. नॉर्वेत २००८ च्या एका अभ्यासात धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा जड हाफ स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन अर्ध्या बैठका, मारले. चार सेट, प्रत्येकी चारच रेप. त्याच वेगाला लागणारी ऊर्जा ५ टक्क्यांनी घटली आणि शरीराचं वजन वाढलं नाही. जिमला पैसे भरलेच आहेत तर स्क्वॉटच्या रॅकखाली जास्त वेळ घालवा.

मी स्वतः आठवड्यातून दोनदा २५ मिनिटं वरच्या अंगाला देतो. पुलअप, डंबेल रोइंग, खांद्यांचा प्रेस, जोर आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. या शेवटच्याला ट्रेनर काहीतरी इंग्रजी नाव सांगतो. माझी आजी दोन कळश्या घेऊन विहिरीवरून यायची, तेच. खांदे खाली, मान ताठ, बोटं सुटू द्यायची नाहीत. घाटातल्या फोटोत सुधारणा झाली ती यानेच, असं मला वाटतं.

तुमचं लक्ष्य विचाराल तर १० पुलअप, सलग ३० जोर, आणि हौस म्हणून स्वतःच्या वजनाइतका एक बेंच प्रेस. ५८ किलो एकदा उचलायला सहा-आठ महिने लागतील, लागू द्या. लांब पल्ल्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी छाती-खांदे करू नका, दुसऱ्या दिवशी हात हलवताना कळतं. जानेवारीत मुंबईला धावणार असाल तर डिसेंबरच्या मध्यापासून प्लेटा वाढवणं बंद.

आणि बेंचवर एकटे असाल तर रॉडला क्लिपा लावू नका. अडकलाच तर एका बाजूला कलता करून प्लेटा सांडता येतात. दणका होतो, सगळं जिम वळून बघतं, पण कोणाच्या दोन बोटांची वाट बघावी लागत नाही.