हेत्वाभास म्हणजे 'हेतू वाईट' का?

तुम्ही विचारलंय की 'हा युक्तिवाद निव्वळ हेत्वाभास आहे' असं कुठंतरी वाचलं, तर त्याचा अर्थ बोलणाऱ्याचा हेतू वाईट असा घ्यायचा का. नाही. पण असं लई जण समजायलेत अन् त्यात त्यांची चूक नाही, आपण मराठीत हेतू म्हणलं की उद्देशच डोक्यात येतो. न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) हेतू म्हणजे पुरावा म्हणून पुढं केलेलं कारण. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथं आग असणार, यातला धूर हा हेतू. अन् कारणासारखं नुसतं भासतं पण कारण नसतं, तो हेत्वाभास. माणूस एकदम सज्जन असला तरी करतो, आमचे आजोबा करायचे.

परभणीकडं आमचं रान. बोअर घ्यायचं म्हणलं की आधी पाणाड्या, तो तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं फिरणार, नारळ उभा राहिला की म्हणणार इथं पाणी. पहिल्या जागी उभा राहिला, 400 फूट गेलो, नुसता फुफाटा. दुसऱ्या जागी पण तेच. म्हणजे पाणी नसलं तरी नारळ उभा राहतोच, मग त्याच्यावरून पाणी कसं ठरवायचं? अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात (दचकू नका, इथं अर्थ एवढाच की जे सिद्ध करायचंय ते नसतं तिथंही हे कारण सापडतं). न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाचं न्यायसूत्र, त्यात हेत्वाभासाचे असे 5 प्रकार आहेत, परीक्षा नसंल तर पाठ करत बसू नका.

अजून एक सांगतो. त्या दुसऱ्या बोअरचा पांढरा धुराळा इतका उंच गेला की शेजारच्या रानातले दोघंतिघं घागरी घेऊन पळत आले, त्यांना वाटलं आमची कडब्याची गंज पेटली. धूर तिथं आग हे त्यांचं बरोबरच होतं, पण मुळात धूरच नव्हता. अन्नंभट्टाचं तर्कसंग्रह म्हणून न्यायशास्त्राचंच पुस्तक आहे, त्यात असिद्ध म्हणून हेत्वाभासाचा प्रकार आहे, त्यातलंच हे.

वापरायचं कसं, तर 'त्याच्या बोलण्यात हेत्वाभास आहे' बरोबर, 'त्याच्या मनात हेत्वाभास होता' चूक. साध्या लिखाणात तर्कदोष म्हणलं तरी भागतं. बादरायण संबंध मात्र वेगळा, तिथं ओढूनताणून नातं जोडलेलं असतं, तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीला बोरीच्या लाकडाचं चाक, म्हणून आपण पाव्हणे, तसलं.

अन् निष्कर्ष खरा निघाला म्हणून हेत्वाभास धुऊन निघत नाही बरं का, इथंच लोक भांडतात. आमच्या तिसऱ्या बोअरला 280 वर पाणी लागलं. आपल्याकडच्या काळ्या खडकात बहुतेक भेगा असतील तिथं पाणी धरतं, भेग लागली, लागलं. पण आजोबा वर्षभर म्हणत होते बघ, नारळ खोटं बोलत नाही. मी म्हणलं आधीचे दोन? तर म्हणले, ते नारळ नासके होते.