नवीन फ्लॅटचा ताबा घेताना इन्स्पेक्शनवाला आणू, की स्वतःच बघू?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आली आहे, बिल्डरचा माणूस पंधरा दिवसांत ताबा घ्या म्हणून मागे लागलाय. पैसे भरून इन्स्पेक्शनवाला आणावा का? आणि कारपेट एरिया (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) कमी भरला तर काय करायचं?

पंधरा दिवसांची घाई त्यांची आहे, तुमची नाही. रेरा कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणे ओसी मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो. खाली सांगतोय त्या कामाला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे हक्काने मागा.

इन्स्पेक्शनवाल्याला फोनवर एकच प्रश्न विचारा: बाथरूममध्ये पाणी भरून ठेवता का? ‘आमच्याकडे थर्मल कॅमेरा आहे’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. थर्मल कॅमेऱ्याला तापमानातला फरक दिसतो, ओल दिसत नाही. ओल्या जागी भिंत थंड पडते म्हणून ती ओल वाटते, इतकंच. कोऱ्या फ्लॅटमध्ये बाथरूम एकदाही वापरलेलं नसतं, त्यामुळे कॅमेरा कोरड्या भिंतीचा छान रंगीत फोटो देतो. रिपोर्ट जाडजूड येतो: पोकळ टाइल, दारावरचा ओरखडा, स्विच वाकडा. हे सगळं नाणं वाजवून आणि डोळ्यांनी तुम्हीही बघू शकता. गळतीचं मात्र त्यात काही नसतं, आणि पुढची पाच वर्षं भांडणं गळतीवरूनच होतात.

सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये एक निकाल ठरलेला असतो. खालच्याचं छत गळतं, वरचा म्हणतो माझं बाथरूम नाही, कमिटी सांगते आठ दिवस नळ बंद ठेवा. आठ दिवस नळ बंद, खाली थेंब चालूच. मग ठराव: वरचा निर्दोष, गळती बाहेरच्या भिंतीची. हा ठराव चुकीचा आहे, आणि का चुकीचा ते गणिताने सांगतो.

पाच बाय आठ फुटांचं बाथरूम म्हणजे साधारण ३.७ चौरस मीटर. पाइप लपवण्यासाठी बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असतो, त्याला संक म्हणतात. हा संक स्लॅब २५० मिलिमीटर खोल धरला तर टाइलखालची जागा झाली ९०० लिटरच्या वर. ती विटांच्या तुकड्यांनी किंवा हलक्या ब्लॉकच्या तुकड्यांनी भरलेली असते आणि भरावात एक-तृतीयांश तरी पोकळी असते. म्हणजे टाइलखाली जवळपास ३०० लिटर पाणी आरामात बसतं. अर्धा इंची नळ नाही, तीनशे लिटरची टाकी आहे ती. नळ बंद केलात तरी टाकी भरलेलीच, ती केसाएवढ्या फटीतून थेंब थेंब रिकामी व्हायला आठ दिवस काय, महिनाही लागतो. रंगीत पाणी ओतून बघण्याचंही तेच. आज ओतलेला लाल रंग आधीच्या पाण्यात विरघळतो आणि खाली येतं ते जुनंच पाणी.

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण म्हणतो ना, इथे ते अक्षरशः मुरलेलं असतं.

कासारवडवलीच्या एका टॉवरमधलं बाथरूम नमुन्यादाखल घ्या. खालच्याच्या फॉल्स सीलिंगवर डाग. पहिला उपाय म्हणून टाइलचे सांधे खरवडून इपॉक्सी भरलं. डाग थांबला नाही. मग खालून स्लॅबला भोकं पाडून पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन दिलं. डाग दोन फूट सरकला. हे होणारच होतं, कारण पाणी तसंच होतं, फक्त जवळची वाट बंद झाली. तिसऱ्या वेळी टाइल फोडल्या. आत संकमध्ये राबिट (बांधकामाचा कचरा) भरलेलं, त्यात जिप्समची ढेकळं. जिप्सम स्पंजासारखं पाणी धरतं, ते भरावात कधीच जाऊ द्यायचं नसतं. तळाशी चार-पाच बोटं पाणी उभं. वॉटरप्रूफिंगचा कोट मात्र तळाला आणि भिंतींना नवा असल्यासारखा चांगला! बिल्डरच्या माणसाने तेवढ्यावर विजयी चेहरा केला. दोष होता नाहणी ट्रॅपपाशी, म्हणजे जमिनीवरचं पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्यापाशी. टाइलचं डिझाइन बदललं म्हणून ट्रॅप चार इंच सरकवला होता, आणि तो सरकवताना प्लंबरने पाइपभोवतीचा कोट छिन्नीने तोडला होता. ट्रॅपखाली उंचीसाठी विटेचा तुकडा लावलेला, आणि पाइपचा सांधा सॉल्व्हंट न लावता नुसता दाबून बसवलेला. अंघोळीच्या पाण्याचा एक वाटा रोज संकमध्ये.

कोट ‘दहा वर्षं गॅरंटी’चा होता. स्टँप पेपरवर. गॅरंटी केमिकलची असते, गळतं ते सांध्याला, आणि सांधा प्लंबरचा. वॉटरप्रूफिंगवाला आणि प्लंबर हे दोन वेगळे ठेकेदार असले की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. कुठलं केमिकल भारी, यावर आर्किटेक्ट आणि ठेकेदार तासभर वाद घालतात. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) जुनाट, आता मेम्ब्रेनचा जमाना, वगैरे. माझ्या मते तो वादच फिजूल आहे. पाइपभोवतीची खाच नॉन-श्रिंक ग्राउटने भरली, भिंत आणि तळ मिळतात तिथे दोन इंची वाटा (गोलाई) नीट मारला, कोपऱ्यांत जाळी घालून दोन आडवे-उभे कोट भिंतीवर फूटभर आणि शॉवरपाशी सहा फूट नेले, आणि त्यानंतर तिथे छिन्नी लागू दिली नाही, तर साधा पॉलिमर-सिमेंटचा कोटही टिकतो. छिन्नी लागली तर परदेशी मेम्ब्रेनही जातं.

आता तुम्ही काय करायचं ते.

आधी कागद मागा: संक भरण्यापूर्वी पाणी भरून ठेवल्याचे तारखेसकट फोटो, तुमच्या फ्लॅटच्या दोन्ही बाथरूमचे आणि ड्राय बाल्कनीचे. चांगल्या साइटवर दारावर खडूने तारीख लिहून फोटो काढलेले असतात. खरी चाचणी तीच, कारण तेव्हा कोट उघडा असतो आणि गळलं तर त्याच दिवशी खाली दिसतं. फोटो नाहीत म्हणाले तर समजा चाचणी झालीच नाही.

मग प्लंबरला सांगून लपवलेल्या पाण्याच्या लाइनला हातपंपाने दाब द्या आणि गेजचा काटा दोन तास बघा. काटा उतरला तर भिंतीत सांधा सुटलाय. हे पाणी भरण्याच्या आधीच करायचं, नाहीतर नंतर ओल दिसली तर ती लाइनची की जमिनीची हे सांगता येत नाही.

त्यानंतर पाँडिंग, म्हणजे पाणी भरून ठेवायची चाचणी. ट्रॅपमध्ये रबरी प्लग बसवा. नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसतो. उंबऱ्यावर शाडूच्या मातीचा दोन इंची बांध घाला. सिमेंटचा बांध घालू नका, नव्या टाइलला डाग पडतो. शाडू पुसून निघते आणि शाडूचे गणपती करणाऱ्या कारखान्यात मिळते. जमिनीचा सगळ्यात उंच कोपरा जेमतेम बुडेल इतकं पाणी भरा. उतार शंभराला एक असेल तर आठ फुटांत एका टोकाला इंचभर जास्त पाणी उभं राहतं. उलटं दिसलं, म्हणजे ट्रॅपपाशी कमी आणि कमोडमागे जास्त, तर उतारच चुकलाय, तो लगेच स्नॅग लिस्टमध्ये (दोषांच्या यादीत). टाइलवर पेन्सिलने पातळी आखा आणि शेजारी एक उघडी बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादली जेवढी उतरली तेवढं बाष्पीभवन, त्याहून जास्त उतरलं ते खाली गेलं.

सुपरवायझर म्हणेल, इथे टँकरचं पाणी आहे, कशाला वाया घालवता. सरासरी तीन सेंटिमीटर पाणी म्हणजे १११ लिटर, सात बादल्या. घोडबंदरला पाण्याची किंमत आहे हे खरं, पण सात बादल्यांसाठी टँकर येत नाही.

चोवीस तास नाही, बहात्तर तास ठेवा. कारण वर सांगितलेली टाकी. कोरडा भराव आधी स्वतः पाणी पिणार, मग तळ भरणार, मग कुठे स्लॅबखाली थेंब दिसणार. चोवीस तासांत खाली कोरडं दिसलं तर त्याचा अर्थ जवळपास काहीच नाही. तीन दिवसांनी प्लग एकदम काढा आणि सगळं पाणी धावत जाऊ द्या, शिवाय कमोड चार-पाच वेळा फ्लश करा. प्लग लावलेला असताना ट्रॅपच्या खालच्या सांध्यातून थेंबही गेलेला नसतो, तो सांधा तपासला जातो तो आत्ता.

बघायचं तीन ठिकाणी. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचं छत, फॉल्स सीलिंगमधलं ट्रॅपडोअर (छोटं झाकण) उघडून, टॉर्च मारून. बाथरूमच्या भिंतीची बेडरूमकडची बाजू, स्कर्टिंगच्या वर. आणि डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी. संकमधून एक बारीक स्पाउट (नळी) डक्टमध्ये काढलेला असतो, तो असेल तर तिथून पाणी आलं म्हणजे टाइल किंवा ट्रॅप गळतोय पण स्लॅब वाचलाय. तरी दुरुस्ती मागायचीच. स्पाउट दिसलाच नाही तर विचारा का नाही.

सातव्या-आठव्या दिवशी परत जाऊन तीच तीन ठिकाणं बघा. ही दुसरी फेरी कोणी करत नाही, आणि खरा चोर तेव्हाच सापडतो. डागाचा आकार बोलतो: जमिनीलगत आडवा पट्टा असेल तर पाणी जमिनीतून चढतंय, भिंतीच्या मधोमध गोल असेल तर लाइन, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली तिरका असेल तर खिडकी. पांढरा लोणा दिसला तर ओल जुनी आहे, वर नवा रंग मारलाय.

खिडक्यांवर पाइपने खालून वर सरकत दहा-दहा मिनिटं पाणी मारून घ्या, पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या आधी, कारण जुलैतला पाऊस सोळाव्या मजल्यावर आडवा येतो. इमारत मायवानची असेल, म्हणजे भिंतीही काँक्रीटच्या, तर बाहेरच्या भिंतीला आतून नाण्याएवढे गोल डाग एका रांगेत आहेत का बघा. फॉर्मवर्कच्या टायची ती भोकं असतात, नीट भरली नाहीत की तिथूनच पाऊस आत येतो.

ताब्याच्या पत्रात ‘फ्लॅट समाधानकारक स्थितीत मिळाला’ अशी ओळ असते. तिच्याखाली हाताने लिहा: सोबतच्या स्नॅग लिस्टच्या अधीन राहून. तारीख, दोघांच्या सह्या, एक प्रत तुमच्याकडे. रेराच्या कलम १४(३) मुळे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामाचे आणि कारागिरीचे दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात, कळवल्यापासून तीस दिवसांत. ई-मेलने कळवा. सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपवर टाकलेला फोटो त्याने नोकरी बदलली की गेला.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. नव्या टॉवरमध्ये कधीकधी संक नसतोच. तुमच्या बाथरूमचं ट्रॅपडोअर उघडा. वरच्या मजल्याचे पाइप तुमच्या छताखाली लटकताना दिसले तर तीनशे लिटरची टाकी वगैरे तुम्हाला लागू नाही, गळलं तर चोवीस तासांत दिसेल. कोरा स्लॅब दिसला तर संक आहे, मग वरचं सगळं लागू. आणि जिप्समवरच्या केसासारख्या चिरा पाहून घाबरू नका, पहिल्या वर्षी त्या येतात. चीर बीम-कॉलमवर असेल, किंवा तिच्यात नाण्याची कड जात असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर. ते काम इन्स्पेक्शनवाल्याचंही नाही आणि माझंही नाही.

राहिलं कारपेट. खोल्यांची लांबी-रुंदी मोजून बेरीज केली की कमी भरतंच, आणि लोक बिल्डरच्या ऑफिसात जाऊन ओरडतात. रेराच्या व्याख्येत आतल्या पार्टिशन भिंतींची जागा कारपेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. आतल्या भिंती १२ मीटर लांब आणि पाच इंच जाड असल्या तर तिथेच १६ चौरस फूट गेले. ते मिळवा. त्यानंतरही करारापेक्षा तीन टक्क्यांहून जास्त कमी भरलं, ६० चौरस मीटरला १.८, तर पैसे परत मागता येतात.

आणि हो, तुमच्या बाथरूममध्ये पाणी भरलंत तर वाचणार पंधराव्याचं छत. तुमचं छत सतराव्याच्या हातात आहे. तो फ्लॅट विकला गेला असेल तर त्या माणसाला आत्ताच गाठा आणि दोघं मिळून एकाच आठवड्यात करा, तो वर पाणी भरेल, तुम्ही खाली टॉर्च मारा. विकला गेला नसेल तर किल्ली बिल्डरकडेच आहे. त्या सात बादल्या तिथेही ओतायला लावा.