वाचकांचे प्रश्न : लॅसनला कधी जावं, काय पाहावं?

प्रश्न : आम्ही सॅन होजेला राहतो. योसेमिटी झालं. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेतल्या लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्कचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. पुण्याहून आई-बाबा मे महिन्यात येताहेत. त्यांना नेण्यासारखं आहे का?

नक्की न्या, पण मे महिन्यात नको. पार्कमधून आरपार जाणारा रस्ता सुमारे ३० मैलांचा आहे आणि तो ८,५१२ फुटांपर्यंत चढतो. हिवाळ्यातला बर्फ उपसून तो मोकळा व्हायला कधी मेअखेर होते, कधी थेट जुलै उजाडतो. मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत निघालेल्यांना अनेकदा अर्ध्यातून परत फिरावं लागतं. जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ उत्तम. आई-बाबांचा मुक्काम तोवर असेल तर बेत तेव्हाचा ठेवा. ऑगस्टपासून वणव्यांच्या धुराचीही शक्यता असते, म्हणून निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ता आणि हवा दोन्ही बघून घ्या.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी सल्फर वर्क्स. नैऋत्य प्रवेशद्वारापासून ते अगदी जवळ आहे. गाडी लावून पदपथावर उभं राहिलं की खाली राखाडी चिखल रटरटताना दिसतो. बुडबुडा फुगतो, फुटतो आणि शिंतोडे काठावर वाळून त्यांची कड तयार होते. बर्फ नुकता वितळलेला असताना हा चिखल पातळ असतो, उन्हाळा सरत आला की घट्ट होतो. गंधकाचा वास उग्र येतो. कुणाला दम्याचा त्रास असेल तर तिथे फार वेळ थांबू नका.

प्रश्न : आपला सह्याद्रीही लाव्हाचाच ना? मग तिथे वेगळं काय पाहायचं? (नाशिक)

लाव्हाची जात वेगळी. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून आला. तो बेसाल्टचा, पातळ. म्हणून दूरवर पसरला आणि थरावर थर बसले. घाटातल्या कातळाच्या पायऱ्या त्याच थरांच्या. लॅसन शिखराच्या लाव्हात सिलिका जास्त. तो इतका घट्ट होता की वाहून जाण्याऐवजी तोंडापाशीच साचला आणि त्याचा घुमट झाला. शिखराची उंची १०,४५७ फूट. आणि हा डोंगर अजून जिवंत आहे : मे १९१४ मध्ये उद्रेक सुरू झाले, सर्वांत मोठा स्फोट २२ मे १९१५ रोजी झाला आणि १९१६ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. पॅसिफिकच्या तळाची गोर्डा भूपट्टी उत्तर अमेरिकेखाली सरकते, त्यातून इथला शिलारस तयार होतो. घुमट, ढालीसारखा पसरट, थरांचा उंच शंकू आणि राखेचा छोटा शंकू हे ज्वालामुखीचे चारही प्रकार एकाच पार्कात आहेत. भूगोलात रस असणाऱ्याने एवढ्यासाठी तरी जावंच. डेव्हॅस्टेटेड एरिया म्हणजे उद्रेकात उद्ध्वस्त झालेल्या भागातली अर्ध्या मैलाची सपाट वाट चुकवू नका. १९१५ मध्ये शिखरावरून वाहून आलेले प्रचंड दगड तिथे जवळून बघता येतात.

प्रश्न : लॅसनमधल्या बंपस हेल या उकळत्या पाण्याच्या नि वाफेच्या खोलगटाकडे जाणारी वाट अवघड आहे का? उन्हवऱ्यासारखी तिथल्या गरम पाण्यात आंघोळ करता येते का?

आंघोळ अजिबात नाही. पाणी आम्लयुक्त आहे आणि अक्षरशः उकळतं. उंचीमुळे ते ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, पण बिग बॉयलर या तिथल्या वाफेच्या झोतातून निघणारी वाफ १६१ अंशांपर्यंत मोजलेली आहे. मुख्य धोका मात्र जमिनीचा. आम्लामुळे खडकाची माती होते, वर पांढरी-पिवळी खपली धरते आणि ती टणक दिसते. पाय पडला की फुटते, खाली उकळता चिखल. १८६०च्या दशकात बंपस नावाच्या माणसाचा पाय असाच आत गेला आणि पुढे तो कापावा लागला. म्हणून फळ्यांची वाट सोडू नका आणि मुलांचा हात धरून ठेवा.

वाट जाऊन-येऊन तीन मैलांची, चढ बेताचा. पण सुरुवातच आठ हजार फुटांवर होते, त्यामुळे दम लवकर लागतो. सावकाश चाला. शेवटी उतरून खोलगटात जावं लागतं, म्हणजे परतताना चढ. पार्किंग लहान आहे; नऊच्या आत पोचा.

प्रश्न : सिंडर कोन हा राखेचा शंकू त्याच दिवशी होईल का?

नाही. त्याचं प्रवेशद्वार वेगळं, ४४ क्रमांकाच्या हायवेवरून ब्यूट लेकला जाणारा कच्चा रस्ता. पार्कच्या मुख्य रस्त्यावरून तिथे पोचता येत नाही. जाऊन-येऊन चार मैल, पण शेवटचा उभा चढ सुट्या लाव्हाखड्यांचा. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. घोट्यापर्यंतचे बूट घाला, नाहीतर खडे आत जाऊन टाच सोलते. सावली नाही, काळी खडी तापते. सकाळी सातला चालायला लागा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. वरून रंगीत राखेच्या टेकड्या बघायच्या तर तिरकं ऊन हवं, तेही सकाळीच मिळतं.

पेट्रोलची टाकी रेडिंग किंवा रेड ब्लफ या वाटेतल्या गावांत भरून घ्या, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी रेंज नसते.